प्रोसेसर बदलल्यानंतर संगणक सुरू होत नसेल तर

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. त्याआधी एक आग्रहाची विनंती : नवा प्रोसेसर बसवून संगणक काही दिवस विनातक्रार चालेपर्यंत जुना प्रोसेसर विकू नये, एक्स्चेंजमध्येही देऊ नये. बिघाड नेमका कोठे आहे हे सांगणारे त्याच्याइतके खात्रीचे साधन घरात दुसरे नसते.

प्रश्न : माझ्याकडे बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड व रायझन ३ २२००जी होता. त्या जागी रायझन ५ ५६०० बसवला. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसर सदोष असेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

आपल्या पत्रातील माहितीवरून प्रोसेसर सदोष असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. येथे दोन स्वतंत्र कारणे एकाच वेळी हजर असावीत, आणि त्यांपैकी एकच दूर केले तरी पडदा काळाच राहील. अशा प्रकरणात माणूस हताश होतो तो यामुळेच.

पहिले कारण असे की, २२००जी मध्ये ग्राफिक्स अंगभूत आहे, तर ५६०० मध्ये ते मुळीच नाही. मॉनिटरची एचडीएमआय केबल आपण पूर्वीप्रमाणे मदरबोर्डलाच जोडली असेल, तर संगणक आतून व्यवस्थित सुरू झाला तरी चित्र तयार करणारे कोणी नाही. रायझन ५००० मालिकेतला जी अक्षराचा प्रोसेसर, उदाहरणार्थ ५६००जी, घेतला असता तर हा प्रश्न आला नसता. इंटेलमध्ये हीच बाब एफ अक्षराने ओळखावी : १२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२४००एफ मध्ये नाही.

दुसरे कारण बायोसचे, म्हणजे मदरबोर्डावरच साठवलेल्या आणि संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचे. बी४५० बोर्ड २०१८ साली आले आणि रायझन ५००० मालिका २०२० च्या अखेरीस आली. त्यामुळे बोर्डावरील जुन्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरील जागा, येथे एएम४ प्रकारची) एकच आहे म्हणून प्रोसेसर बसतो, पण बसणे आणि चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून क्रम असा ठेवावा. जुना २२००जी पुन्हा बसवून संगणक सुरू करावा आणि बायोसमध्ये जाऊन आवृत्ती लिहून घ्यावी. बोर्डावर छापलेले पूर्ण मॉडेल व रिव्हिजन क्रमांक पाहून, उत्पादकाच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरच्या यादीत ५६०० समोर किमान कोणती आवृत्ती दिली आहे ते तपासावे. ती फाइल फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर घेऊन बायोसमधूनच अपडेट करावी. मात्र त्या आवृत्तीखालची टीप आधी वाचावी, कारण काही बोर्डांवर नव्या बायोसमध्ये जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकलेला असतो. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नसतो. अपडेट अर्ध्यावर तुटले तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएसशिवाय हे काम करूच नये. अपडेट झाल्यावर ५६०० आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही बसवावे व केबल कार्डाला जोडावी. कार्ड लगेच विकत घेणे शक्य नसेल तर तपासणीपुरते मित्राचे मागून आणावे. जुने असले तरी बहुधा चालेल.

जुना प्रोसेसर हाताशी नसेल आणि बोर्डाच्या मागील बाजूस बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल, तर केवळ एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या पेटीच्या) जोरावर, प्रोसेसर न बसवताही अपडेट करता येते. पण फाइलचे नाव उत्पादक सांगेल तेच द्यावे लागते आणि पेन ड्राइव्ह त्यासाठी नेमलेल्या पोर्टमध्येच लावावा लागतो.

प्रश्न : आमच्या कारखान्यात चादरींच्या जॅकार्ड नक्षीचे काम एका एएम४ संगणकावर होते. प्रोसेसर बदलण्यासाठी कूलर ओढला, तर जुना प्रोसेसर त्याला चिकटून वर आला. आता नवा बसवूनही काही होत नाही आणि जुनाही चालत नाही.
— अक्कलकोट रोड एमआयडीसी

जुनाही चालत नाही, हे आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आहे. त्याचा अर्थ दोष बायोसपुरता नाही. जुन्या प्रोसेसरच्या पिना, सॉकेट किंवा काढघालीत सुटलेली एखादी जोडणी यांकडे पाहावे लागेल. सर्वांत आधी सॉकेटजवळची प्रोसेसरची ८ पिनांची वीजजोडणी पुरती आत बसली आहे ना, ते बघावे. ती विसरली तरी पंखे फिरतात आणि माणूस फसतो.

एएम४ प्रोसेसरच्या तळाशी १३३१ पिना असतात. वाळलेली थर्मल पेस्ट सॉकेटच्या पकडीपेक्षा घट्ट धरते, म्हणून खटका बंद असतानाही प्रोसेसर उपसून येतो आणि तिरका निघाला की कडेच्या पिना वाकतात. प्रोसेसर डोळ्यांच्या पातळीवर धरून खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवावा. सरळ ओळींमधून पलीकडचा उजेड पट्ट्यांसारखा दिसतो, आणि जेथे पट्टी मध्येच तुटते तेथे पीन वाकलेली असते. शिसे काढलेल्या ०.७ मि.मी.च्या मेकॅनिकल पेन्सिलीचे टोक त्या पिनेवर चढवून ती किंचित किंचित उभी करावी. एका दमात सरळ करू पाहिले तर ती मोडते. कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवून, खटका उघडा ठेवून प्रोसेसर ठेवावा. तो स्वतःच्या वजनाने आत उतरला पाहिजे. बोटाने दाब द्यावा लागत असेल तर थांबावे आणि पुन्हा पिना पाहाव्यात. सॉकेटच्या छिद्रांत सुताची तूस अडकलेली नाही ना, हेही आपल्याकडे पाहिलेच पाहिजे. यंत्रमागाजवळच्या संगणकांत ती सर्वत्र शिरते.

पुढच्या वेळी कूलर काढण्यापूर्वी संगणक दहा-पंधरा मिनिटे काम करवून गरम करावा, बंद करून प्लग काढावा आणि कूलर वर न ओढता आधी डावी-उजवीकडे अलगद पिळावा. एएम५ किंवा इंटेलच्या बोर्डांत पिना सॉकेटमध्येच असतात आणि त्या केसासारख्या नाजूक असतात. त्या वाकल्यास भिंग व अनुभव असलेल्या कारागिराकडेच बोर्ड न्यावा.

प्रश्न : कार्यालयातील संगणकाचा रायझन बदलला, तेव्हा एफटीपीएम रीसेट करण्यासाठी वाय दाबा, नाहीतर एन दाबा, असा संदेश आला. काय दाबावे? सर्व ग्राहकांचे हिशोब त्यात आहेत.
— सात रस्ता

अजून काहीच दाबले नसेल तर एन दाबावे आणि संगणक बंद करावा. विंडोजने बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद केली असेल, तर त्या कुलपाची किल्ली जुन्या प्रोसेसरशी संबंधित नोंदीत, म्हणजेच एफटीपीएममध्ये, असते. वाय दाबल्याने ती नोंद पुसली जाते आणि ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय डिस्क उघडत नाही. एन दाबल्यावरही नव्या प्रोसेसरसह ती की मागितली जाऊ शकते, परंतु जुना प्रोसेसर परत बसवला की सर्व पूर्ववत होते. मी जुना प्रोसेसर जपण्याचा एवढा आग्रह का धरतो, ते आपल्या पत्रावरून इतर वाचकांनाही कळेल.

जुन्या प्रोसेसरवर विंडोज उघडून ती की कागदावर उतरवून घ्यावी, हिशोबांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि मगच नवा प्रोसेसर बसवून वाय दाबावे.

प्रश्न : एच११० बोर्डावर आय५-६४०० होता. त्यावर आय५-८४०० बसवला, सॉकेट एलजीए ११५१ हेच आहे, तरी सुरू होत नाही. बायोस अपडेट करू का?
— बार्शी

करू नये, उपयोग होणार नाही. इंटेलने आठव्या पिढीसाठी सॉकेटचे नाव व पिनांची संख्या तीच ठेवली, पण अंतर्गत जोडणी बदलली आणि ३०० मालिकेचा चिपसेट आवश्यक केला. प्रोसेसर परत घेण्याची मुदत असेल तर आजच दुकानात जावे. या बोर्डासाठी सातव्या पिढीतील आय५-७५०० किंवा आय७-७७०० पाहावा, आणि तो आणण्यापूर्वी, ६४०० जागेवर असतानाच, बायोस अद्ययावत करून घ्यावे.