इन्सुलिन पेन पहिल्यांदाच वापरताय?
डोस डॉक्टरांनी ठरवलेलाच घ्या; गडबड होते ती टोचण्यात. दर वेळी नवी सुई लावा आणि 2 युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का पाहा. नाही आला तर पुन्हा सोडा, नाहीतर डोस कमी जाईल. बटण पूर्ण दाबून दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा.

जागा दर वेळी बोटभर सरकवा. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की चरबीची गाठ धरते, तिथून इन्सुलिन धड शोषलं जात नाही आणि साखर उगाच वरखाली होते. (तिथे दुखत नाही, म्हणून लोक नेमके तिथेच टोचतात!)

साखर 70 मिग्रॅच्या खाली गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.