चोथा गाईला, साखर आपल्याला

"मॅडम, चहातली साखर सोडून वर्ष झालं. गोडाला हात लावत न्हाई. मग हे आलं कुठनं?"

त्यांनी रिपोर्ट पुढं सरकवला. वय ४६, शिरोली एमआयडीसीत नोकरी, रोज पहाटे रंकाळ्याला फेरी. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ५.७ ते ६.४ हा तो टप्पा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, २४०, जास्तच. शिवाय पोट साफ होत नाही, गॅस धरतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

दिवसभराचं खाणं विचारत गेले. भाकरी, आमटी, रविवारी मटण. सगळं सांगून झाल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "आणि ज्यूस?"

"ते काय खाणं हाय व्हय? फळाचाच रस की!"

फिरून आल्यावर मोसंबीचा मोठा ग्लास, संध्याकाळी परतताना गाड्यावर दुसरा. नऊ महिने. तब्येत सुधारावी म्हणून माणूस हे निष्ठेनं करत होता, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

वहिनींना विचारलं, रस गाळल्यावर चोथ्याचं काय करता? "शेजारच्या गाईला घालतो."

तिथंच तर गोम आहे. त्या चोथ्यातले तंतू, म्हणजे फायबर, आपल्याला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं ते जेवण. ते तंतू आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. तंतू मिळेनासे झाले की काही जिवाणू आतड्याचा संरक्षक बुळबुळीत थरच खाऊ लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०२५ च्या अभ्यासात तीन दिवस नुसत्या ज्यूसवर राहिलेल्यांच्या तोंडातले, काही प्रमाणात पोटातलेही, दाहाशी संबंध असलेले जिवाणू वाढले. त्यात एकूण माणसं १४च, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण दिशा कळते.

आणि साखर? ती सगळी ग्लासात उतरते, चार-पाच चमचे. गाड्यावर वरून घालतात ती वेगळी. चार मोसंब्या सोलून खायला वीस मिनिटं लागतात, दुसरीलाच पोट भरतं. रस दोन मिनिटांत संपतो. त्यातलं फ्रुक्टोज यकृताकडं जातं आणि वारेमाप झालं की त्याची चरबी होते. जागतिक आरोग्य संघटनाही रसातली साखर वरून घातलेल्या साखरेतच मोजते आणि ती दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, जमलं तर २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते.

आम्ही ठरवलं ते असं: रोज एक मोसंबी, आतल्या पांढऱ्या पापुद्र्यासकट. संध्याकाळी गाड्याऐवजी मूठभर फुटाणे किंवा पेरू. मटकीची उसळ आठवड्यातून आधी दोनदा, मग चारदा. तंतू एकदम वाढवले तर गॅस आणखी धरतो. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ५.८, ट्रायग्लिसराइड १७०. रात्रीचं जेवणही लवकर केलं होतं, त्यामुळं सगळं श्रेय ज्यूस सोडण्याला देणार नाही. पोट मात्र पंधरवड्यातच सुधारलं होतं.

उठताना वहिनींनी विचारलं, "मग फ्रिजमधला ज्यूसचा डबा टाकून देऊ?" त्यांच्या सासूबाईंना इन्सुलिन चालू आहे. म्हटलं, तो मुळीच टाकू नका. त्यांची साखर अचानक उतरली, घाम फुटला, हात थरथरले, तर शुद्धीवर असताना अर्धा ग्लास लगेच पाजा आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. तेवढ्यासाठी तो घरात हवाच.