लिंबाच्या सालीची पूड खाल्ली तर ती अंगी लागते का, की तशीच बाहेर पडते?

तुमच्या आई वाळवलेल्या लिंबाच्या सालीची पूड रोज चमचाभर घेतात, आणि त्यातले फ्लेव्होनॉइड (वनस्पतींत आढळणाऱ्या द्रव्यांचा एक गट) खरंच रक्तात जातात का, असं तुम्ही विचारलंय. जातात, पण थोडेच, आणि तेही मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या मेहेरबानीनं.

मी सोलापुरात बरीच वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली. इथे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की गच्चीवर टाकलेल्या साली बघता बघता पापडासारख्या कडक होतात, त्यामुळे ही पूड आमच्या गल्लीत नवी नाही.

सालीतलं मुख्य फ्लेव्होनॉइड म्हणजे हेस्पेरिडिन. ते भरपूर असतं आतल्या पांढऱ्या भागात, जो आपण कडू म्हणून खरवडून टाकतो. (कडूपणाचा आळ त्याच्यावर उगाच येतो, त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. पपनस कडू लागतं ते नॅरिंजिनमुळे, हेस्पेरिडिनच्या चुलत भावंडामुळे.) पाण्यात ते फारसं विरघळत नाही. डबाबंद संत्र्याच्या पाकात कधी कधी पांढरट गढूळपणा दिसतो ना, तो बऱ्याचदा हाच.

आता अडचण बघा. हेस्पेरिडिनला दोन साखरा एकापुढे एक जोडलेल्या असतात, आधी ग्लुकोज आणि टोकाला रॅम्नोज. आपल्या लहान आतड्याच्या अस्तरावर दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज असतं. एकटं ग्लुकोज लटकलेलं असेल तर तेच लॅक्टेज ते तोडून टाकतं. टोकाला रॅम्नोज आलं की त्याचं काही चालत नाही. मग हेस्पेरिडिन तसंच पुढे सरकत मोठ्या आतड्यात पोचतं. तिथल्या काही जिवाणूंकडे, उदाहरणार्थ बायफिडोबॅक्टेरियमच्या काही प्रकारांकडे, रॅम्नोज तोडणारं एन्झाइम असतं. साखरा सुटल्या की उरतं हेस्पेरेटिन, आणि आतड्यातून शोषलं जातं ते हे.

वेळेवरूनही हे कळतं. संत्र्याचा रस प्यायलेल्या माणसांच्या रक्तात हेस्पेरेटिन सर्वांत जास्त सापडतं ते साधारण ५ ते ७ तासांनी. रसातलं रॅम्नोज आधीच एन्झाइमनं काढून टाकलं तर तेच तासाच्या आत होतं. म्हणजे दुपारी १ वाजता भाकरीबरोबर लिंबाच्या लोणच्याची फोड खाल्लीत, तर तिचं हेस्पेरेटिन तुम्ही संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर फिरायला जाता तेव्हा रक्तात भरात येईल.

तेही मोकळं फिरत नाही. आतड्याची भिंत आणि यकृत त्याला लगेच ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट चिकटवतात आणि मग ते लघवीवाटे जातं. बाटलीतल्या पेशींवर शुद्ध हेस्पेरेटिन ओतून केलेल्या प्रयोगांचे मथळे वाचून हुरळू नका, असं मी पोरांना सांगायचे ते याचसाठी. जे शोषलं जात नाही त्याच्या रेणूतलं कार्बनचं कडं जिवाणू फोडतात, त्यातून लहान लहान फिनॉलिक आम्लं तयार होतात, आणि ती पुन्हा रक्तात शिरतात. कोणाच्या पोटात कोणते जिवाणू आहेत त्यावर हा हिशोब बदलतो. त्यामुळे एकाच बरणीतलं लोणचं सासूला जितकं अंगी लागेल तितकं सुनेला लागेलच असं नाही. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर आणखी कमी.

संत्र्याची साल थोडी वेगळी. तिच्या रंगीत, तेलकट थरात नोबिलेटिन आणि टँजेरेटिन असतात. त्यांना साखर जोडलेली नसते, ती तेलात मिसळणारी आहेत, म्हणून जिवाणूंची वाट न बघता शोषली जातात.

पूड घ्यायचीच तर वस्त्रगाळ करा. मूळव्याधीच्या डायोस्मिन (हेही एक फ्लेव्होनॉइडच) ४५० आणि हेस्पेरिडिन ५० मिलिग्रॅमच्या गोळ्यांतही कण मुद्दाम अतिसूक्ष्म केलेले असतात, कारण जाड कण विरघळत नाहीत.

आई बीपीची गोळी घेतात असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. ते खरं तर पहिल्या ओळीत हवं होतं. ग्रेपफ्रूटच्या (पपनसाच्या जातकुळीतल्या फळाच्या) रसानं फेलोडिपिन या बीपीच्या औषधाची रक्तातली पातळी वाढते, हे १९८९ मध्येच लक्षात आलं. दोष फ्लेव्होनॉइडचा नव्हे, फ्युरानोकुमारिन या दुसऱ्या द्रव्यांचा, आणि ती लिंबाच्या सालीच्या तेलातही असतात. गोळीचं पाकीट आणि पुडीची डबी, दोन्ही डॉक्टरांना दाखवा. तोवर पूड बंद ठेवा. जेवणात लोणच्याची एखादी फोड असू द्या, पण बीपी आहे म्हटल्यावर मिठाकडे बघून.