तळं हिरवं का पडतं? वाचक विचारतात

प्रश्न: हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे असं शाळेत घोकलं, मग झाडांना नायट्रोजनचं खत वेगळं कशाला घालायचं? आणि तेच खत तळ्यात गेलं की मासे मरतात म्हणे, इतकं विषारी असतं का ते?

उत्तर: विषाचा इथे फारसा संबंध नाही, मासे गुदमरून मरतात, पण ते नंतर, आधी हवेचं बघू. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून बसलेले असतात की झाडाला ते सोडवताच येत नाहीत, ते काम निसर्गात मुख्यतः बॅक्टेरिया करतात आणि थोडंफार आकाशातली वीज. शेंगा धरणारं एखादं रोप हळूच उपटून मुळं धुवा, बारीक बारीक गाठी दिसतील, हे बॅक्टेरिया त्यातच राहतात, एक गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी निघाली की समजायचं काम चालू आहे. तो रंग आपल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्याच एका प्रोटीनचा असतो (मला तर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खोटंच वाटलेलं).

मग १९०९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया, म्हणजे नायट्रोजन खताचा कच्चा माल, करून दाखवला आणि १९१३ पासून कार्ल बॉशच्या पद्धतीने तो कारखान्यात बनायला लागला. रासायनिक खताला नुसत्या शिव्या घालणं मला पटत नाही, कारण आज जगातली जवळपास निम्मी माणसं या नायट्रोजनवर पिकलेलं खाऊन जगताहेत. घोळ वेगळाच आहे. पूर्वी शेतातून निघालेलं बरंचसं फिरून शेतातच यायचं, आता धान्य कुठल्या कुठे जातं, मैलापाणी नदीत जातं आणि शेतात दरवर्षी नवीन पोतं रिकामं होतं, म्हणजे चक्र कसलं, एकेरी रस्ताच झालाय तो. पिकाने न उचललेलं नायट्रेट (नायट्रोजनचं पाण्यात विरघळणारं रूप) पाण्याबरोबर वाहून जातं, थोड्याचा बॅक्टेरिया नायट्रस ऑक्साइड करतात, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७० पट तापवतो.

आता तळं. गोड्या पाण्यात खरा गुन्हेगार बहुतेक वेळा नायट्रोजन नसून फॉस्फरस, जो खतात आणि मैलापाण्यातही असतो. निसर्गात तो हवेतून जवळजवळ येतच नाही, खडक झिजून अगदी सावकाश मिळतो, त्यामुळे पाण्यात त्याचा कायम तुटवडा. १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर हा शास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २२६ नंबरचं एक तळं मधोमध पडदा लावून दुभागलं, दोन्हीकडे साखर आणि नायट्रेट टाकलं, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. विमानातून काढलेल्या फोटोत ती बाजू हिरवीगार आणि पडद्यापलीकडे पाणी जसंच्या तसं काळसर! ते हिरवं म्हणजे शेवाळ, ते मरून तळाशी बसतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात.

प्रश्न: म्हणजे सांडपाणी आणि खत यायचं थांबवलं की तळं लगेच साफ होणार ना?

उत्तर: कधी कधी होतं. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात जाणारं मैलापाणी १९६० च्या दशकात दुसरीकडे वळवलं आणि काही वर्षांतच पाणी स्वच्छ दिसायला लागलं, पण ते सरोवर चांगलं खोल. उथळ तळ्यांचं तसं नसतं. वर्षानुवर्षं आलेला फॉस्फरस गाळात लोहाला चिकटून बसलेला असतो, तळाशी ऑक्सिजन संपला की लोह त्याला सोडतं आणि तो परत पाण्यात, मग परत शेवाळ, परत ऑक्सिजन गायब, असं दहा-पंधरा वर्षंसुद्धा चालू शकतं, बाहेरून थेंब आला नाही तरी. काही ठिकाणी तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियमचं क्षार टाकतात कारण ते ऑक्सिजन नसतानाही फॉस्फरस धरून ठेवतं, नाहीतर सरळ गाळ उपसतात. त्यामुळे नुसतं पाणी तपासून काही कळत नाही हो, आधी गाळ तपासायला द्या.