घराची विचारपूस: कपाटामागचे काळे ठिपके

प्रश्न: ताई, बेडरूममध्ये बाहेरच्या भिंतीला लागून लाकडी कपाट आहे. सरकवलं तर मागे काळे ठिपके दिसले आणि जमिनीलगत पांढरी भुकटी. कपाट उघडलं की कुबट वास येतो. बुरशी तपासायचा किट मागवून त्यातली बशी खोलीत उघडी ठेवली, तर ती काही दिवसांत बुरशीने भरून गेली. ही विषारी काळी बुरशी असेल का? बशी प्रयोगशाळेत पाठवू का? मुलाला दमा आहे.

उत्तर: बशी झाकण न उघडता पिशवीत बांधा आणि टाकून द्या. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. पोषक जेली उघडी ठेवल्यावर काहीतरी उगवणारच, तुमच्याकडेही आणि माझ्याकडेही. १९२८मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत अशीच आगंतुक बुरशी उगवली, त्यातून पेनिसिलिन मिळालं. तुमच्या बशीतून प्रयोगशाळेच्या बिलापलीकडे काही निघणार नाही.

रंगावरून जातही कळत नाही. ज्या स्टॅकिबॉट्रिसची भीती घातली जाते ती काळी, पण क्लॅडोस्पोरियम आणि अ‍ॅस्परजिलस नायजरही काळ्याच दिसतात. दमेकऱ्याच्या खोलीत यातली कुठलीच नको, मग नाव कळून करायचं काय?

तुमच्या भिंतीवर मला दोन वेगळ्या भानगडी दिसतात. खालची भुकटी चिमटीत चोळा. कणीदार लागली आणि पाण्याच्या थेंबात विरघळली, तर तो लोणा. म्हणजे भिंतीच्या आतून पाणी येतंय आणि सुकताना क्षार मागे ठेवतंय. वरच्या ठिपक्यांवर पाणी घालून सौम्य केलेल्या ब्लीचचा बोळा टेकवा. दोनेक मिनिटांत ठिपका फिका पडला तर बहुधा बुरशी, तसाच राहिला तर धूळ किंवा काजळी. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनियाचं क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

खरी तपासणी करायची ती पाण्याची. भिंत पुसून कोरडी करा, हातभर जाड प्लॅस्टिक चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट चिकटवा, कपाट पुन्हा जागेवर ढकला आणि दोन दिवस विसरून जा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल आतून येतेय: गळका पाइप, बाहेरची भेग किंवा जमिनीतून चढणारं पाणी. खोलीकडच्या बाजूला आले तर खोलीतलीच दमट हवा गार भिंतीवर निवतेय. हा प्रयोग वर ठिपक्यांजवळ एकदा आणि खाली भुकटीजवळ एकदा करा. उत्तरं वेगळी आली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सोबत आर्द्रतामापक घ्या. आधी त्याचीच परीक्षा घ्या: झाकणात मीठ, ते नुसतं ओलं होईल इतकं पाणी, आणि मापकासह सगळं घट्ट बंद डब्यात रात्रभर. आकडा ७५च्या आसपास हवा. खोलीत आर्द्रता ६०च्या खाली राहिली पाहिजे. बाहेर खोलीपेक्षा जास्त दमट असेल तेव्हा खिडक्या उघडून ‘हवा खेळती’ ठेवणं उलटं पडतं. हे ऐकून लोक माझ्यावर रागावतात, पण आकडे बघा. कपाट मात्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढाच.

प्रयोगशाळेची गरज क्वचित पडते; वास आणि त्रास टिकून आहे पण डोळ्यांना काहीच सापडत नाही, तेव्हा. तिथेही हवेचा नमुना घेणाऱ्याने त्याच दिवशी घराबाहेरचाही घ्यायला हवा. नाही घेतला तर आतल्या आकड्याची तुलना कशाशी करणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांतही बुरशीची सुरक्षित मर्यादा म्हणून आकडा नाही. ओल टाळा, एवढंच आहे. पुसायचं काम मुलगा घरात नसताना एन-९५ मास्क लावून करा. कोरडं घासू नका, बीजाणू उडतात. डॉक्टरांनाही ओलीबद्दल सांगा.

प्रश्न: बुरशीरोधक रंग लावला तर भागेल का?

उत्तर: कोरड्या भिंतीवर मदत होते. ओलीवर लावाल तर रंग पोपडे धरून गळेल आणि त्याच्या मागे बुरशी मजेत राहील. आधी प्लॅस्टिक, मग प्लंबर, रंगारी सगळ्यात शेवटी.