बॅकअप रविवारचा, काम गुरुवारचे

प्रश्न : आमच्या सोलापुरातील टॉवेल कारखान्याच्या जेकार्ड नक्षींच्या फायली सबव्हर्जनमध्ये (प्रत्येक बदलाची क्रमांकित आवृत्ती जपणाऱ्या प्रणालीत) असतात. डिस्क बिघडल्याने रविवारचा, ४१२व्या आवृत्तीपर्यंतचा बॅकअप चढवला. परंतु गुरुवारपर्यंतच्या कामाने ४१९व्या आवृत्तीवर असलेल्या संगणकावर ‘अशी आवृत्ती नाही’ असे येते. काय करावे?

उत्तर : नव्या नोंदी तूर्त थांबवा, कारण त्या ४१३पासूनचेच क्रमांक घेतील आणि ते ४१९पर्यंत पोहोचले की, एकाच क्रमांकाखाली दोन वेगळे आशय असूनही, हा संदेश बंद होईल, जे अधिक घातक. ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन व्हेरिफाय’ या आज्ञेने भांडार (सर्व आवृत्त्यांचा मुख्य साठा) तपासून नव्याने चेकआउट (भांडारातून कामाची ताजी प्रत) घ्या आणि त्या संगणकावरील जुन्या प्रतीतील फायली, लपलेले ‘.एसव्हीएन’ फोल्डर वगळून, त्यावर ठेवून फरक पाहूनच नोंदवा. मधल्या सात आवृत्त्यांचा इतिहास मात्र गेला. यापुढे चालू भांडाराची साधी कॉपी न करता ‘हॉटकॉपी’ (चालू भांडाराची सुरक्षित प्रत घेणारी आज्ञा) वापरावी, तीही रोज रात्री.