विषाणू मास्कच्या छिद्रांहून लहान असतो, मग मास्क लावून उपयोग काय?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चा सर्व्हे करत फिरत होते, तेव्हा ओट्यावर बसलेल्या एका आबाजींनी हेच विचारलं होतं. ‘काऊन वो बाई, मच्छरदानीतून चिलट जाते, मग ह्या चिंधीतून थो कोरोना काऊन नाही जानार?’

तेव्हा नुसती हसले. पटेल असं उत्तर हिवाळ्यात सुचलं. जिनिंगकडे कापसाच्या गाड्या जातात, त्या रस्त्याच्या बाभळी पाहा. काट्याकाट्यांमध्ये हात जाईल एवढी जागा, तरी कापसाचे पुंजके अडकलेलेच.

मास्क चाळणी नाही, तशी बाभुळबन आहे. विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा असतो हे खरं, पण तो थुंकीच्या थेंबात बसून येतो. मोठा थेंब हवेसोबत वळू शकत नाही, धाग्यावर आपटतो. अगदी बारीक कण सरळ जातच नाही, भरकटत कुठल्या तरी धाग्याला चिकटतो. निसटण्यात पटाईत ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून एन-९५ मास्कची परीक्षा त्याच मापावर होते आणि त्यानं किमान ९५ टक्के कण अडवावे लागतात. त्याच्या धाग्यांत विजेचा भारही असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसा. मी शहाणीनं माझा एन-९५ साबणानं धुऊन वाळत घातला होता. भार गेला, नुसतं फडकं उरलं.

खरा फायदा खोकणाऱ्याच्या तोंडावर. थेंब तिथे ओला नि मोठा असतो. बाहेर पडून सुकला की इतका हलका होतो की बंद खोलीत तरंगत राहतो. उन्हासाठी बांधतो तो दुपट्टा विरळ विणीचा, त्यावर फार भरवसा नको. आणि नाकाची पट्टी दाबा. चष्म्यावर वाफ आली, म्हणजे हवा फटीतून पळतेय.

बांगलादेशात ६०० गावांत, सुमारे ३.४ लाख प्रौढांवर अभ्यास झाला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह लागण सुमारे ११ टक्क्यांनी कमी, साठीच्या पुढच्यांत तर ३५ टक्क्यांनी. तेही निम्म्याहून कमी लोकांनी नीट लावून! कापडी मास्कचा फायदा मात्र तितका स्पष्ट दिसला नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत टाळेबंदी लागली, तसे आबाजी स्वतःहून मास्क मागायला आले. लावला हनुवटीवर. खर्रा थुंकायला सोपं पडते म्हणे.